तळहाताचा घाम आणि दोन महिन्यांवरची तारीख

वाचकाचे पत्र, थोडक्यात : या वाचक २४ वर्षांच्या असून फिजिओथेरपीच्या अंतिम वर्षात शिकतात. प्राथमिक शाळेत असल्यापासून त्यांच्या दोन्ही तळहातांना आणि तळपायांना इतका घाम येतो की लिहिताना हाताखालचे पान ओले होऊन सुरकुतते, मोबाइल बोटाचा ठसा ओळखत नाही आणि चपलेत पाय घसरतो. रुग्णाच्या मानेला किंवा गुडघ्याला हात लावण्यापूर्वी त्या तळवे कपड्यांना पुसून घेतात. घरचे म्हणतात, ‘तू घाबरतेस म्हणून घाम येतो, मन खंबीर कर.’ वडिलांच्या हातांनाही आयुष्यभर असाच घाम येत आला आहे, पण त्यांनी कधी उपचार घेतले नाहीत. घाम कमी यावा म्हणून वाचक सकाळपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. त्यांनी डिओडरंट हातांना लावून पाहिला, श्वासाचे व्यायामही केले. उपयोग झाला नाही. ओळखीतल्या एकाने छातीतील नस कापण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याचे हात त्याच दिवशी कोरडे झाले, हे ऐकून त्यांनी एका शल्यविशारदांची भेट घेतली आणि नोकरी सुरू होण्याआधीची, दोन महिन्यांनंतरची तारीख ठरवली आहे. त्या विचारतात, ‘शस्त्रक्रिया करून मोकळी होऊ, की मन खंबीर करण्याचा प्रयत्न आणखी चालू ठेवू?’

तुमच्या प्रश्नात दोनच वाटा आहेत आणि माझी पहिली हरकत त्यालाच आहे. एका टोकाला काहीच न करता स्वतःला दोष देत राहणे आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा मागे फिरता न येणारी शस्त्रक्रिया, असे चित्र तुम्ही मांडले आहे. या दोन टोकांच्या मध्ये जे उपचार आहेत त्यांपैकी एकही तुम्ही अजून घेतलेला नाही, आणि त्यांतला सर्वांत उपयुक्त उपचार कदाचित तुमच्या महाविद्यालयातच उपलब्ध असेल. त्याकडे येण्याआधी मात्र ‘घाबरतेस म्हणून घाम येतो’ या वाक्याकडे थोडे थांबून पाहू, कारण तुमचे बाकीचे सगळे निर्णय त्या वाक्यातून निघाले आहेत असे पत्र वाचताना जाणवते.

आपल्या भाषेत घाम फुटतो तो भीतीने आणि घाम गाळला जातो तो कष्टाने. तिसरे कारण भाषेला ठाऊकच नाही. त्यामुळे खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाच्या हातांतून घाम ठिबकू लागला की पाहणारा त्याला भित्रा ठरवतो आणि काही वर्षांनी तो माणूस स्वतःही तेच मानू लागतो. शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. आपल्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घामग्रंथी असतात आणि त्यांची सर्वाधिक दाटी तळहात व तळपाय यांवर असते. अंगाला येणारा घाम मुख्यतः उष्णतेला उत्तर देतो. तळव्यांचा घाम प्रामुख्याने मेंदूच्या भावनिक आणि सावध राहण्याशी संबंधित भागांच्या संदेशांना उत्तर देतो. भीती हा त्या संदेशांपैकी फक्त एक आहे. मन लावून गणित सोडवताना, सुईत दोरा ओवताना, किंवा ‘आता हाताला घाम येईल’ एवढा विचार आला तरी तोच मार्ग जागा होतो. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत ग्रंथींची संख्या जास्त नसते आणि ग्रंथींत बिघाडही नसतो. त्यांना अनुकंपी मज्जातंतूंकडून, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या नसांकडून, मिळणारा हुकूम गरजेपेक्षा मोठा असतो. या अवस्थेला वैद्यकात हायपरहायड्रोसिस म्हणतात. तुमच्यात दिसणारा तिचा प्रकार ‘प्राथमिक’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे त्यामागे दुसरा कोणताही आजार नसतो.

त्याची लक्षणे तुम्ही स्वतःच पत्रात लिहून पाठवली आहेत. घाम दोन्ही बाजूंना सारखा आहे, तो लहानपणी सुरू झाला, रोजच्या कामात अडथळा आणतो आणि जवळच्या नात्यात आणखी एका व्यक्तीला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा घामात यांपैकी दोन खुणा असल्या तरी डॉक्टर प्राथमिक प्रकाराचा विचार करतात. तुमच्याकडे चार आहेत. पाचवी खूण तुम्ही लिहिलेली नाही आणि ती तुमच्या घरच्यांना विचारायला सोपी आहे : तुम्ही गाढ झोपेत असताना तळहात कोरडे असतात का? बहुतेक असतातच. आणि ज्या मुलीला सहाव्या वर्षी चित्र काढतानाही हाताखाली कागद धरावा लागत होता ती चित्राच्या वहीला घाबरत होती, असे म्हणणे कोणालाही जड जाईल. तुमची भीती खरी आहे, पण ती घामाच्या आधी आलेली नसून घामामागून आलेली आहे. पुढे दोघांनी एकमेकांना खतपाणी घातले, एवढेच. श्वासाचे व्यायाम त्या भीतीसाठी चांगले आहेत, ते सोडू नका. हात कोरडे करण्याचे काम मात्र त्यांच्यावर टाकू नका. लोकांत मिसळणे, हात पुढे करणे तुम्ही टाळू लागला असाल तर त्यासाठी समुपदेशकाची मदत घेणे योग्यच ठरेल, पण त्याचे माप ‘हात सुकले का’ हे नसावे.

पाण्याविषयी थोडक्यात. पाणी कमी पिऊन तळहातांचा घाम आटत नाही. हुकूम मज्जातंतूंचा असल्यामुळे ग्रंथी तो पाळतच राहतात आणि तुमच्या वाट्याला डोकेदुखी व थकवा येतो. दिवसभर उभे राहून रुग्णांना हाताळणाऱ्या व्यक्तीने असे करणे तर अधिकच चुकीचे आहे. ही सवय आजच बंद करा. डिओडरंटने काही झाले नाही यात आश्चर्य नाही, कारण तो वासासाठी असतो. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा तो येतो, आणि हे मुख्यतः काखेत घडते. घाम कमी करणारे द्रव्य वेगळे असते, त्याला अँटीपर्स्पिरंट म्हणतात. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून ही गल्लत अनेकांची होते.

येथे इतर वाचकांसाठी थोडे विषयांतर करणे आवश्यक आहे, कारण घामाविषयीचे प्रत्येक पत्र या पत्रासारखे नसते. अंगभर येणारा, वयाच्या तिशी-चाळिशीनंतर अचानक सुरू झालेला, शरीराच्या एकाच बाजूला येणारा, किंवा रात्री झोपेत कपडे भिजवणारा घाम यांपैकी काहीही असेल तर आधी त्यामागचे कारण शोधावे लागते. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, क्षयरोगासारखे दीर्घ संसर्ग, रक्तातील साखर एकाएकी उतरणे, रजोनिवृत्ती, लसिका ग्रंथींचे कर्करोग, शिवाय नैराश्यावरची काही औषधे आणि अफूजन्य वेदनाशामके ही त्यातील नेहमीची नावे. घामासोबत वजन घटत असेल, बारीक ताप राहत असेल किंवा छातीत धडधड होत असेल तर घाम थांबवणारे काहीही लावण्याआधी डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखून दरदरून घाम फुटला तर तो क्षण सदर वाचण्याचा नाही, थेट आपत्कालीन विभागात जाण्याचा आहे.

आता तुमच्या दोन महिन्यांकडे वळू. प्रथम त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्या. जाण्यापूर्वी दहा-बारा दिवस एक साधी नोंद ठेवा : घाम केव्हा आला, किती वेळ टिकला, त्यामुळे कोणते काम अडले. डॉक्टर तुम्हाला बहुधा चार पायऱ्यांचा एक प्रश्न विचारतील. घाम जाणवतच नाही, सहन होतो पण कधी कधी कामात अडथळा येतो, जेमतेम सहन होतो आणि वारंवार अडथळा येतो, अजिबात सहन होत नाही आणि नेहमीच अडथळा येतो; यांपैकी तुम्ही कोठे आहात? तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा घाम तीव्र समजला जातो. येथे संकोचाने एक पायरी खाली उतरून उत्तर देऊ नका. माझ्या टेबलावर काच आहे. बोलता बोलता रुग्ण हात टेकवतो आणि उचलतो तेव्हा काचेवर पाच बोटांचा पूर्ण ओला पंजा उमटलेला असतो, आणि तरीही तो मला सांगत असतो, ‘तसे फार नाही हो, चालते.’ असे उत्तर दिले की उपचारही ‘फार नाही’ एवढेच मिळतात.

पहिला उपचार अॅल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण. काखेसाठी साधारण १० ते २० टक्के पुरते. तळव्यांची त्वचा जाड असल्यामुळे तेथे त्याहून तीव्र द्रावण लागू शकते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. या द्रावणाचे यश लावण्याच्या पद्धतीवर फार अवलंबून आहे. ते रात्री झोपण्याआधी, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. झोपेत ग्रंथी शांत असतात, त्यामुळे अॅल्युमिनियमचे क्षार घामनलिकेच्या तोंडाशी बसून बूच तयार करू शकतात. ओल्या त्वचेवर लावले तर पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते, जळजळ होते, आणि माणूस तिसऱ्या दिवशी ‘मला हे सोसत नाही’ म्हणून बाटली फेकून देतो. हात धुऊन, पुसून, हवे तर थंड हवेच्या झोताने सुकवून मगच लावा. सुरुवातीला रोज रात्री, आणि फरक पडल्यावर आठवड्यातून एक-दोनदा. खाज किंवा लाली आली तर काही दिवस थांबून डॉक्टरांना विचारा. सौम्य स्टिरॉइड मलमाने ती बहुधा शमते. काखेच्या मानाने तळहातांवर याचा गुण कमी येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

तळहात-तळपायांसाठी मला खरा भरवसा वाटतो तो आयोंटोफोरेसिसचा, आणि हे नाव वाचून तुम्ही कदाचित चमकला असाल. विद्युतचिकित्सेच्या तासाला औषधाचे आयन त्वचेत ढकलण्यासाठी जो एकदिश प्रवाह तुम्ही शिकलात, तोच येथे औषधाशिवाय, साध्या नळाच्या पाण्यातून वापरतात. उथळ थाळ्यांत दोन्ही तळवे जेमतेम बुडतील इतके पाणी असते आणि त्यातून साधारण १५ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह २० ते ३० मिनिटे सोडतात. बोटांत मुंग्या आल्यासारखे वाटते, पाण्याच्या पातळीच्या रेषेवर जरा जास्तच. ॲनोडकडच्या, म्हणजे धन ध्रुवाकडच्या, हातावर परिणाम अधिक दिसत असल्यामुळे मध्येच ध्रुव बदलतात. आठवड्यातून तीन वेळा, असे सहा ते दहा वेळा झाल्यावर बहुतेकांना फरक कळतो. हात कोरडे झाले की आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही विरळ बैठकींवर तो फरक टिकवता येतो. उपचार सोडला की काही आठवड्यांत घाम परततो, म्हणजे हा दात घासण्यासारखा, चालू ठेवण्याचा उपाय आहे. प्रवाह नेमका घाम कसा थांबवतो यावर तज्ज्ञांचे पूर्ण एकमत नाही. थांबवतो हे मात्र अनेक वर्षांच्या वापरातून दिसले आहे. पाण्यात क्षार फार कमी असतील तर परिणाम मंद पडतो, तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात.

तुमचा विभाग मदत करू शकेल असे मी म्हटले ते यामुळे. तरीही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आणि शिक्षकांच्या देखरेखीशिवाय स्वतःवर प्रयोग करू नका, आणि आंतरजालावर पाहून बॅटरीवर घरी जोडलेली यंत्रे तर मुळीच वापरू नका. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात दुसरे विद्युत उपकरण असलेल्यांनी, गर्भवतींनी, ज्यांच्या हातापायांत धातूची पट्टी किंवा खिळा बसवला आहे त्यांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा उपचार टाळावा किंवा तज्ज्ञाने स्पष्ट परवानगी दिल्यावरच घ्यावा. अंगठ्या काढून ठेवा आणि नखाजवळची चीर किंवा जखम पेट्रोलियम जेलीने झाकून घ्या. प्रवाह चालू असताना हात एकदम बाहेर काढू नका. तो झटका कसा असतो हे तुमच्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, ते अनुभवाने सांगतील.

बोटॉक्सची इंजेक्शने काखेसाठी उत्तम आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काखेतील तीव्र घामासाठी २००४ मध्येच त्यांना मान्यता दिली आणि तेथे एका वेळेचा परिणाम साधारण सहा महिने, कधी त्याहून अधिक टिकतो. तळहातांवरही ती देतात, पण तुमच्यासाठी मी ती मागे ठेवीन. तळहातावर दर दीड-दोन सेंटिमीटरवर एक याप्रमाणे डझनावारी सुया टोचाव्या लागतात, त्या दुखतात म्हणून हात बधिर करावा लागतो, आणि हे सारे सोसल्यावर काहींच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायू काही आठवडे कमजोर होतात. पेन धरणाऱ्याला ते निभावता येईल. ज्यांना अंगठ्याच्या दाबाने मणक्याचा सांधा हलवायचा आहे त्यांना निभावणार नाही.

गोळ्यांमध्ये ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन ही दोन नावे तुमच्या कानांवर पडतील. मज्जातंतूचा हुकूम ग्रंथीपर्यंत पोचवणाऱ्या असिटिलकोलिनची वाट त्या अडवतात, पण ही वाट शरीरात इतरत्रही असल्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो, दृष्टी धूसर होते, लघवी अडखळते. काही प्रकारच्या काचबिंदूत त्या चालत नाहीत, आणि सर्वांगाचा घाम कमी झाल्याने कडक उन्हात किंवा जोरदार व्यायामात शरीर तापण्याचा धोका असतो. कमी मात्रेत सुरू करून या गोळ्यांवर वर्षानुवर्षे समाधानी असलेले रुग्ण मी पाहिले आहेत. काखेसाठी याच गटातील औषध लावण्याच्या रूपातही निघाले आहे. ते वापरणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नयेत, बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसते.

आता शस्त्रक्रिया. तुमच्या ओळखीच्या व्यक्तीचे हात त्याच दिवशी कोरडे झाले, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. छातीत दुर्बीण घालून अनुकंपी मज्जातंतूंची साखळी (तुम्ही म्हणता ती ‘नस’) कापली किंवा क्लिपने दाबली की तळहात बहुतेक सर्वांचे कोरडे होतात. या एका बाबतीत तिच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. त्या गृहस्थांना आणखी एक प्रश्न विचारायला मात्र तुम्ही विसरलात : ‘आता पाठीला, पोटाला, मांड्यांना घाम किती येतो?’ हाताचा घाम बंद झाल्यावर शरीराच्या इतर भागांत नव्याने येणाऱ्या या घामाला भरपाईचा घाम म्हणतात. तो तुरळक अपघात नाही. कमी-अधिक प्रमाणात तो फार मोठ्या संख्येने रुग्णांना येतो आणि त्यांतील काहींना इतका येतो की शर्ट दिवसातून तीनदा बदलावा लागतो. हात निदान पुसता तरी येतो. आगीतून फुफाट्यात पडल्याची भावना घेऊन आलेल्या अशा रुग्णांना द्यायला माझ्याकडे फारसे काही नसते, कारण कापलेली साखळी पूर्ववत होत नाही आणि क्लिप काढल्यावरही घाम मूळपदावर येईलच याची हमी नसते. छातीत हवा साठणे, पापणी खाली झुकणे हे धोके कमी प्रमाणात असले तरी आहेत. आणि तळपाय? छातीतील या शस्त्रक्रियेने ते कोरडे होतील असे गृहीत धरता येत नाही, म्हणजे चपलेतला पाय बहुधा घसरतच राहील.

याचा अर्थ ही शस्त्रक्रिया कोणीच करू नये असा नाही. बाकी सर्व उपाय नीट, पुरेशा काळ करूनही हाताचा घाम चौथ्या पायरीवरच राहिला आणि भरपाईच्या घामाची शक्यता डोळसपणे स्वीकारली, तर तो योग्य निर्णय असू शकतो. तुम्ही मात्र डिओडरंटवरून थेट तेथे उडी घेता आहात, तीही नोकरीच्या पहिल्या दिवसाची तारीख समोर ठेवून. शल्यविशारदांना फोन करून तारीख सहा महिने पुढे घ्या. पुन्हा भेटाल तेव्हा विचारा की साखळी कोणत्या पातळीवर रोखणार, त्या पातळीमागचे कारण काय, त्यांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी किती जणांना त्रासदायक भरपाईचा घाम आला, आणि असा एखादा रुग्ण तुमच्याशी बोलायला तयार होईल का. शेवटच्या प्रश्नावर ते चिडले तर दुसऱ्या शल्यविशारदांचे मत घ्या.

तळपायांसाठी दिवसातून एकदा मोजे बदला आणि एकच जोडा सलग दोन दिवस घालू नका, आतली ओल सुकायला वेळ लागतो. टाचेवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसून वास येऊ लागला तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि लावण्याच्या प्रतिजैविकाने बरा होतो. वारंवार हात धुण्याने घाम कमी होत नाही, कातडी मात्र भेगाळते.

हे सगळे सुरू होऊन परिणाम दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातील आणि तोवर रुग्ण तर येतच राहतील. कपड्यांना हात पुसण्याऐवजी कमरेला एक छोटा सुती टॉवेल ठेवा आणि तो उघडपणे वापरा. पहिला स्पर्श करताना म्हणा, ‘माझे हात घामाने ओलसर असतात, मध्ये मध्ये पुसून घेते.’ हे वाक्य आधी एकदा वडिलांसमोर म्हणून पाहा, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना त्यांनाही सोबत न्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या तळहातांकडेही कोणी नीट पाहिलेले नाही.